खिळ्याकडे बघा, साहेब

फिटरअप्पांचा हात लागला की मोटारसायकलची साखळी वर्षभर तोंड उघडत नाही, असं आमच्या सोलापुरात म्हणत. फिटरअप्पा म्हणजे माझे वडील. हात मात्र माझा होता.

हे वाक्य मी आजवर कुणासमोर उच्चारलेलं नाही. 'तुमच्या कामाविषयी दिवाळी अंकासाठी काही लिहा' असा निरोप आला, तेव्हाही आधी नाहीच म्हणणार होते. चार माणसांत बोलायची वेळ आली की माझी जीभ टाळूला चिकटते. शाळेतल्या मेमबाई म्हणत, ही मुलगी इंग्रजीतही गप्प बसते आणि मराठीतही. पण कागदाचं एक बरं असतं. तो आपल्याकडे वळून बघत नाही. वळून न बघणाऱ्यांशी माझं पहिल्यापासून चांगलं जमतं, आणि ही हकिगत त्याचीच आहे.

अप्पा रेल्वेच्या लोको शेडमध्ये फिटर होते. इंजिनांच्या पोटात शिरून शिरून त्यांचे कान जड झाले होते, आणि पेन्शनीत आले तोवर संधिवातानं बोटं आखडली होती. चहाची बशी ते दोन्ही तळव्यांत धरत. पण डोकं शाबूत होतं आणि नावही. गावात तेव्हा मोटारसायकली मोजक्याच. डॉक्टर, वकील, गिरणीतले साहेबलोक, एखादा हौशी व्यापारी. त्यांच्या गाड्या भवानी पेठेत आमच्या घराच्या परसात येत. बोळाकडच्या दारातून गाडी आत घ्यायची, तिचं तोंड पुन्हा बोळाकडे करून स्टँडवर चढवायची, आणि मालकाला सांगायचं, "साहेब, नव्या पेठेत एक चक्कर मारून या. तोवर होतंय."

साहेब गेले की अप्पा दार लावून घेत आणि मी स्वयंपाकघरातून बाहेर येई.

सुरुवात माझ्या इंग्रजीपासून झाली. गाडीबरोबर कारखान्याचं माहितीपुस्तक येई. अप्पांना इंग्रजी येत नव्हतं, मला गाडी येत नव्हती. मी वाचून मराठीत सांगायची आणि ते म्हणायचे, "हां, म्हणजे आमच्या इंजिनाचंच पिल्लू की हे!" मग "जरा पाना धर" झालं, मग "जरा फिरव" झालं, मग "आवळ की गं, भाकरी थापतीयस का?" झालं. आणि एक दिवस माझ्या ध्यानात आलं, की अप्पा केव्हापासून नुसते कट्ट्यावर बसून पान खात आहेत आणि गाडी तयार झाली आहे. माझ्या वर्गातल्या दोघी तेव्हा पुण्याला कॉलेजात गेल्या होत्या. त्यांची पत्रं आली की मला दिवसभर कसंनुसं होई. मग परसात एखादी साखळी खडखडली की ते विसरायला होई.

साखळीचं काम सोपं आहे, म्हणूनच लोक ते बिघडवतात. इंजिनाची ताकद मागच्या चाकाकडे नेणारी ही साखळी रोजच्या ओढीनं लांबते. सैल झाली की झांजेसारखी वाजते आणि एखाद्या खड्ड्यात दातेरी चक्रावरून उतरते. तिला ताणायचं म्हणजे आसाचे नट ढिले करून मागचं चाकच थोडं मागे सरकवायचं. किती, हा प्रश्न. मधोमध बोटानं दाबली तर अंगठ्याच्या अर्ध्या पेराइतकी ती खालीवर झाली पाहिजे. पण साखळी सगळीकडे सारखी झिजत नाही. चाक सावकाश फिरवत तिची सगळ्यात ताठ जागा शोधायची आणि माप तिथं घ्यायचं. ढिली जागा बघून आवळली, तर ताठ जागा आल्यावर ती रडायला लागते आणि दाते खाते.

चाक मागे नेताना वाकडंही होता कामा नये. ते तपासायला पुस्तकात सरळ लाकडी फळी सांगितली होती. आमच्याकडे तशी फळी नव्हती, पण शेजारी लक्ष्मव्वा होती. तिच्या घरी माग चालत. खळ लावलेलं त्यांचं सूत ताणून दोन्ही चाकांच्या कडेनं धरलं, की केसाएवढा वाकडेपणाही उघडा पडे. लक्ष्मव्वाच्या घरचं तेलुगू माझ्या कानावरून जाई, पण सुताबद्दल ती मराठीत बजावून सांगे, "काळं केलं तर परत घेनार नाय हां, अम्मा."

आता यातली खरी गोम. चाक मागे गेलं की त्याच्याबरोबर ब्रेकही मागे जातो. पण ब्रेकची सळई पुढं पायाखालच्या पेडलला बांधलेली, आहे तेवढ्याच लांबीची. म्हणजे पाय न लावताच ब्रेक दाबला जातो. म्हणून साखळी ओढली की ब्रेक सैल करायचा. सळईच्या टोकाचा नट थोडा मागे घ्यायचा, चाक हातानं मोकळं फिरतंय ना बघायचं. अप्पा हे माझ्याकडून पाढ्यासारखं म्हणून घेत. "साखळी ओढली की?" "ब्रेक सैल करायचा."

नव्या पेठेतल्या एका वकिलांनी हा पाढा न म्हणताच घरी साखळी ओढली. दुसऱ्या दिवशी बाहेरगावी जाऊन आले ते घामाघूम होऊन आमच्या दारात. "फिटरअप्पा, गाडीला ताप आलाय!" मागच्या चाकातून करपल्याचा वास येत होता. वाटेत एका विहिरीवर थांबून त्यांनी गाडीला आंघोळही घातली होती.

अप्पा म्हणाले, "वकीलसाहेब, ब्रेक दाबून गाडी पळवलीत तुम्ही."

"ब्रेकला पाय लावलेला नाही मी! शपथेवर सांगतो!"

"खरं आहे तुमचं. चाकानंच लावला."

वकील थोडा वेळ विचार करून म्हणाले, "मग माझी बाजू भक्कम आहे." आणि नव्या पेठेकडे निघून गेले. मी ब्रेक उघडला तर आतले पट्टे जळून पापडासारखे झाले होते. आणखी चार मैल गेले असते तर चाक जागच्या जागी अडकून वकिलांची भक्कम बाजू रस्त्यावर आपटली असती. तो करपलेला वास माझ्या नाकात कायमचा राहिला.

आता अव्वाकडे यायला हवं. अव्वा म्हणजे माझी आई, माहेर अक्कलकोटकडचं, सोवळ्याओवळ्याची कडक. परसात काय चालतं ते तिला ठाऊक होतं, पण ती बघत नसे. तिला बघावं लागलं ते चरबीमुळे.

पुस्तकात लिहिलं होतं, साखळी रॉकेलनं धुऊन वितळलेल्या चरबीत बुडवून ठेवावी, म्हणजे वंगण सांध्यांत मुरतं. अप्पांनी शेडमधल्या ओळखीच्या माणसाकडून चरबीचा डबा आणवला आणि मला हळूच म्हणाले, "अव्वानं विचारलं तर मेण म्हण." अव्वा देवळात गेलेली पाहून मी शेगडीवर जुनी कढई चढवली. साखळी गोल गुंडाळून आत सोडली. चांगली फसफसू लागली होती, तेवढ्यात अव्वा परतली. दिवाळी तोंडावर होती. कढईत काळं वेटोळं फसफसताना पाहून ती आधी खूशच झाली.

"कडबोळी? तू? आणि एवढी करपवलीस?"

मग तिच्या नाकात वास गेला.

"शिवा शिवा! हे काय आहे?"

"मेण," अप्पा बाहेरून म्हणाले.

"मेण असं वासतं? माझ्या शेगडीवर चरबी! साकु आता, साकु!" साकु म्हणजे पुरे. रागावली की ती कानडीत जाई. कढई बोळात गेली, शेगडी गोमूत्रानं धुतली गेली, आणि संध्याकाळी गिरणीचा भोंगा झाल्यावर निकाल लागला. तो तिनं अप्पांना ऐकवला, पण बघत माझ्याकडे होती.

"चरबी या घरात येणार नाही. मेण आणि एरंडेल वापरा. आणि दुसरं. पोरीचं अजून लग्न व्हायचंय. ज्या दिवशी परक्या माणसाच्या नजरेला ही पाना हातात घेतलेली पडेल, त्या दिवशी अवजारांची पेटी भंगारात. आणि ही करमाळ्याला मामाकडे."

मेण आणि एरंडेलानं साखळी चालते. दर पंधरवड्याला पुन्हा लावावं लागतं, इतकंच. दुसरी अट अवघड होती. मामा नोकरीनं करमाळ्याला होता. त्याच्या घरी मला काही त्रास नव्हता. तिथं मायेनं जेवायला वाढत आणि दुपारी झोपायला सांगत. तिथल्या त्या शांत दुपारींची मला भीती वाटे. त्यामुळे बोळात चप्पल वाजली तरी मी पाना टाकून आत पळू लागले.

मग फौजदार आले.

फौजदारसाहेब करमाळ्याच्या ठाण्यावर होते आणि कामासाठी सोलापूरला येत. मोटारसायकल त्यांना सासऱ्यांनी दिली होती. हे ते भेटल्या भेटल्या सांगत, म्हणजे ती लाचेची आहे असं कुणाला वाटू नये. साखळी झांज वाजवत होती. अप्पांनी गाडी स्टँडवर घेतली आणि नेहमीचं वाक्य म्हटलं.

"नव्या पेठेत मला काय करायचंय?" फौजदार म्हणाले. "मी हितंच बसतो. माझं वाहान मी डोळ्याआड करत न्हाय. मागं एकानं माझा कारबाईडचा दिवाच बदलला हुता."

"साहेब, वेळ लागेल."

"लागू द्या की. तुमचा हात बघायचाय मला. लई ऐकलंय."

मी स्वयंपाकघराच्या दाराच्या फटीतून पाहत होते. अप्पांनी आपले आखडलेले हात हळूच धोतराच्या सोग्यात लपवले. न करता गाडी परत पाठवावी, तर फिटरअप्पांचं नाव गेलं. करावी, तर कुणी? अप्पा बोळाच्या दाराकडे बघत राहिले. तिथं चौकटीच्या वर एक गंजका खिळा होता आणि दाराशेजारच्या कट्ट्यावर अव्वाचं पितळी घंगाळ उपडं घातलेलं होतं. मला वाटलं अप्पा शंकराचा धावा करताहेत. ते एखादं खोटं शोधत होते.

"मग साहेब, असं करा. गाडीवर बसा. ब्रेक बसवताना गाडीवर मालकाचंच वजन हवं."

"असं?"

"तर! आणि नजर समोर. तो खिळा दिसतो? त्याच्याकडे बघायचं. मान जरा वळली की वजन एका बाजूला जातं आणि चाक वाकडं बसतं."

हे इतकं धादांत खोटं होतं, की माहितीपुस्तक वाचलेल्या मला हसू आवरेना. पण फौजदार स्वार झाले, पाठ ताठ केली आणि खिळ्यावर नजर रोखली. अप्पांनी मागं हात करून मला खूण केली. एकदा पाना वाजवला की 'ब्रेक दाबा', दोनदा म्हणजे 'सोडा', तीनदा म्हणजे 'झालं', हे आमचं शेडमधल्यासारखं जुनंच ठरलेलं होतं, अप्पांच्या कानांसाठी.

मी पदर खोचून अनवाणी गेले. फौजदारांची रुंद खाकी पाठ माझ्यापासून हातभर अंतरावर होती. नट सैल केले. चाक फिरवून ताठ जागा शोधली. अप्पा जवळ उभे राहून तोंडानं काम करत होते, "हां, हे असं… थोडं मागं… बसा, साहेब, खिळा सोडू नका."

"सोडतोय कशाला? पर अप्पा, तुमचा आवाज त्या अंगाला आन काम ह्या अंगाला, ते कसं काय?"

"संधिवात, साहेब. हात लांब करून करावं लागतं."

"व्हय व्हय," फौजदार म्हणाले. त्यांच्या खांद्याला बारीक कंप सुटला. खोकला असेल असं मला वाटलं.

सूत लावून चाक सरळ केलं, आसाचे नट आवळले. आता ब्रेक राहिला. मी सळईच्या नटाला हात घालणार, इतक्यात बोळाचं दार कुणीतरी धडधड वाजवलं.

मी पळाले. पाना हातातून सुटला, स्टँडवर आपटला, फरशीवर उडाला आणि पुन्हा आपटला. ठण्, ठण्, ठण्.

अप्पांनी तिन्ही मोजले. "झालं, साहेब!"

दार उघडलं तर लक्ष्मव्वा. "सूत आनखी पाहिजे का विचारायला आले," ती म्हणाली आणि खाकी कपडे पाहून तशीच मागल्या पावली गेली. ज्या एकमेव माणसापासून लपायची गरज नव्हती, तिच्यापासून मी लपले होते.

फौजदारांनी गाडी स्टँडवरून खाली घेतली. मी दाराआडून ऐकत होते. मागचं चाक फिरलं आणि सर्र्र असा आवाज आला, पाटीवर नख ओढल्यासारखा. ब्रेक चिकटला होता.

"जड लागतीया हो," फौजदार म्हणाले.

"नवी ताणलेली साखळी, साहेब. जाता जाता हलकी होईल," अप्पा आनंदानं म्हणाले. तो सर्र्र त्यांच्या कानापर्यंत पोचतच नव्हता.

मी चौकटीवर टिचकी मारली. तांब्या वाजवला. अप्पांना काही नाही. फौजदारांनी किक मारली आणि इंजिन सुरू झाल्यावर तर सगळंच बुडालं. करमाळ्याचा रस्ता माझ्या डोळ्यांपुढं आला, मामाकडे जाताना पाहिलेला. लांबलचक, खडीचा, मैलोन्मैल माणूस नाही. वकिलांच्या चाकाचा तो करपलेला वास नाकात आला. मागं वळून पाहिलं तर अव्वा चुलीपाशी उभी, पदरानं हात पुसत, माझ्याकडेच बघत.

मी बाहेर गेले.

चाकाशी बसले आणि सळईचा नट धरला. अप्पांचं तोंड उघडंच राहिलं. फौजदारांनी इंजिन बंद केलं. परसात एकदम शांत झालं. आता मान वळेल, मी वाट पाहू लागले.

मान वळली नाही.

"अप्पा," फौजदार खिळ्याकडे बघत म्हणाले, "मागं कोन हाय का?"

"कोणी नाही, साहेब," अप्पांचा आवाज चिरकला.

"बरं. मग जे कोनी न्हाय, त्येला म्हनावं सावकाश होऊ द्या. घाई न्हाय. मी खिळा सोडत न्हाय."

मी नट मागे घेतला. एक फेरा, अजून अर्धा. चाक जमिनीवर टेकलेलं होतं, म्हणून गाडी जरा पुढं ढकलून बघायला हवी होती. मी खुणेनं सांगितलं, पण खूण दिसणार कुणाला? अप्पा हादरून कट्ट्यावर बसले होते. पानाही दूर पडला होता.

"ढकलू का?" फौजदारांनी खिळ्याला विचारलं.

मग मी बोलले. कुठल्याही गिऱ्हाइकाशी बोललेला माझा तो पहिला शब्द.

"ढकला."

त्यांनी पायानं गाडी हातभर पुढं नेली. सर्र्र नव्हतं.

"दाबा," मी म्हटलं. त्यांनी ब्रेक दाबला. चाक थांबलं. "सोडा." सुटलं. पेडलला वरती थोडा रिकामा खेळ हवा असतो, तोही होता. "झालं," मी म्हटलं. आवाज माझाच होता, आणि बराच मोठा निघाला होता. मी उठले आणि आत पळाले.

फौजदारांनी अप्पांच्या तळव्यावर पैसे ठेवले. दारापाशी मात्र गाडी थांबवली, घंगाळापुढं वाकले आणि त्यात बघून मिशा नीट केल्या.

"घंगाळ लई झकास घासलंय, अप्पा. घरच्यांना सांगा. खिळा काय, दोन मिन्टांत सोडला मी. सगळा वेळ ह्येच बघत हुतो." आणि फटफट करत बोळातून गेले.

मी स्वयंपाकघरात भिंतीला टेकून उभी होते. म्हणजे पहिल्यापासून! पदर खोचलेली मी, नाकाला काजळी लागलेली मी, सुताचं टोक दातांत धरलेली मी, पितळेच्या फुगीर पोटात आणखी फुगलेली. मनातल्या मनात मी ट्रंक भरायला घेतली. अप्पा आत आले आणि पेटी अव्वाच्या पायाशी ठेवून, शाळेतला मुलगा उभा राहतो तसे उभे राहिले.

"त्यांनी पाहिलं," ते म्हणाले.

"काय पाहिलं?" अव्वा म्हणाली.

"हिला."

"मान वळवली का त्यांनी?"

"नाही."

"मग? त्यांच्या नजरेला माझं घंगाळ पडलं. घंगाळ करमाळ्याला पाठवू?"

तिनं भाकरीचं पीठ ओढलं आणि थापायला सुरुवात केली. थोड्या वेळानं माझ्याकडे न बघता म्हणाली, "नाक धू. आणि एवढी ओरडतेस कशाला? बोळापर्यंत ऐकू आलं." आणि पेटी पायानं सरकवून परसाच्या दाराकडे केली.

फौजदारांनी हे कुणाला सांगितलं, ते मी कधी विचारलं नाही. पुढल्या महिन्यात वकील आले ते नव्या पेठेकडे गेलेच नाहीत. आपण होऊन गाडीवर चढून बसले, पाठ ताठ केली आणि म्हणाले, "फिटरअप्पा, तो खिळा कुठला?" मग डॉक्टर आले, तेही तसेच बसले. गिरणीतला एक गोरा साहेब तर टोपी काढून बसला. त्याला बहुधा ते देवाचं ठिकाण वाटलं. माझ्याकडे वळून कुणीच पाहिलं नाही, आणि "दाबा", "सोडा" कुठून येतं तेही कुणी विचारलं नाही.

त्या वकिलांच्या वेळची गोष्ट. ते खिळ्याकडे बघत बसले होते. मी चाकाशी जाऊन बसले आणि कट्ट्याच्या कोपऱ्याकडे नजर टाकली, घंगाळात मी कितीशी दिसते ते पाहायला. घंगाळ तिथं नव्हतं. सकाळीच अव्वानं ते चिंच लावून लखलखीत घासलं होतं, आणि कोपऱ्यातून उचलून बरोबर खिळ्याखाली आणून ठेवलं होतं.